पट्टीचे मोड लोकलच्या आवाजात मिळाले, दादर अपडेट

मंडळी, हातोडीने ठोकलेल्या स्टीलच्या पट्टीचा दुसरा आणि तिसरा मोड (म्हणजे ठरावीक फ्रिक्वेन्सीला थरथरण्याचा तिचा एकेक प्रकार) माइकवर मिळाला, तेही खिडकी उघडी आणि बाजूच्या रुळांवर लोकल धावत असताना! फार आनंद झालाय.

सेटअप असा, ३ मिमी जाडीची स्टीलची पट्टी व्हाइसमध्ये (घट्ट पकडणाऱ्या शिकंज्यात) धरून ३० सेमी बाहेर काढलेली. गणिताने पहिला मोड साधारण २७ हर्ट्झ, दुसरा १७०, तिसरा ४७७. २७ चा नाद सोडला, कारण एवढीशी पट्टी इतक्या खाली हवेत आवाज टाकतच नाही, पुढची हवा दाबली जाते तेव्हाच मागची विरळ होते आणि दोन्ही एकमेकींना खाऊन टाकतात. म्हणून माइकसुद्धा टोकाशी, बोटभर अंतरावर.

आता मुख्य गोष्ट. एफएफटीच्या (आवाजात कुठली फ्रिक्वेन्सी किती आहे ते काढणारं गणित) ग्राफांचं ॲव्हरेज काढून नॉइज फ्लोअर, म्हणजे गोंगाटाची तळपातळी, खाली जात नाही, फक्त गुळगुळीत होतो. त्याऐवजी हातोडीच्या प्रत्येक ठोक्याची वेव्हफॉर्म (माइकने टिपलेली मूळ लहर) ठोका पडला त्या क्षणाला जुळवायची, सगळ्यांची सरासरी काढायची आणि एफएफटी त्यानंतर. पट्टी दरवेळी तशीच वाजते पण गाडी, अनाउन्समेंट, खालचा ट्रॅफिक दरवेळी वेगळा, त्यामुळे १६ ठोक्यांना गोंगाट १२ डीबी उतरतो, ६४ ना १८. जुळवायला हातोडीवर पिएझो चकती (दाब पडला की व्होल्टेज देणारी) चिकटवलीये, लॅमिंग्टन रोडला मिळते ती पितळी. हॉर्न जोरात आला तर ते रेकॉर्ड सरळ टाकून द्यायचं.

आणि ठोके तालात मारू नका हं, एका लयीत मारले तर मेन्सची, म्हणजे घरातल्या विजेची, ५० नि १०० हर्ट्झची घरघर दरवेळी त्याच फेजमध्ये येऊन बसू शकते आणि मग ती सरासरीत उडत नाही.

मिळालं काय तर १६४ आणि ४६१. गुणोत्तर २.८१, थिअरीत २.८०! दोन्ही आकडे थोडे खाली आहेत कारण व्हाइसची पकड पूर्ण कडक नसते, पट्टी अर्धा सेमी जास्त लांब धरली की दोन्ही आकडे एकदम जुळतात, हे बघून मला माइकवर पूर्ण भरवसा बसला.

पुढे गॅलरीचं रेलिंग. ते गाडी गेली की स्वतःच थरथरतं, म्हणजे तिथे हातोडीची गरजच नसावी, दोन टोकांना दोन चकत्या लावून त्यांचा कोहिरन्स (दोन्ही सिग्नल एकमेकांशी किती जुळतात ते) बघणार. चकती थेट साउंड कार्डला नको, तिचा २० नॅनोफॅरडचा कपॅसिटन्स आणि कार्डच्या इनपुटचा १० किलोओहमचा रोध मिळून ८०० हर्ट्झच्या खालचं सगळं कमजोर होतं, मध्ये टीएल०७२ या ऑप-अँप चिपचा १ मेगाओहम इनपुटचा बफर (चकतीवर कार्डचा भार येऊ न देणारं सर्किट) टाकला की तोच कट ८ हर्ट्झवर जातो. बफर सोल्डर करून तयार आहे.