तेवढं काढून टाका

मिरजेच्या सतारमेकर गल्लीत दुपारी साडेतीननंतर ऊन तिरपं व्हायला लागतं आणि रचून ठेवलेल्या भोपळ्यांना अचानक रंग चढतो. 2024 मध्ये मिरजेच्या सतारीला आणि तंबोऱ्याला जीआय मानांकन मिळालं, पेपरात फोटोबिटो आले, सगळे तयार वाद्यांचे. मला मात्र ते नुसते भोपळे आवडतात. पंढरपूर-मंगळवेढ्याकडून आलेले, आतून पोकळ, गल्लीत कुणाचीही वाट न बघता पडून असलेले. त्या दुपारी वर गॅलरीत सात-आठ एकमेकांना टेकून बसले होते. मोबाइल काढला, फोटो घेतला, घरी आलो.

लॅपटॉपवर उघडला तर बरोब्बर मधून तार. एक नव्हे, तीन. एक लाइटची, एक केबलवाल्याची आणि एक इंटरनेटवाल्याने परवा-तेरवा ओढलेली, उरलेलं वेटोळं खांबाला तसंच लोंबकळत ठेवून. तिथे उभा होतो तेव्हा यातली एकही दिसली नव्हती. आपले डोळे तारांना इतके सरावलेत की बघतच नाहीत. कॅमेऱ्याला तेवढी अक्कल नाही.

मग बसलो काढत. गिंप या फोटो दुरुस्त करायच्या फुकट सॉफ्टवेअरमध्ये हील म्हणून एक हत्यार आहे. कंट्रोल दाबून शेजारच्या मोकळ्या आभाळावर एक टिचकी मारायची, म्हणजे ‘इथला माल उचल’ असं त्याला सांगून झालं. मग तारेवरून ब्रश फिरवायचा. एका टोकाला टिचकी आणि दुसऱ्या टोकाला शिफ्ट दाबून टिचकी मारली की सरळ रेघेत एका दमात सगळं पुसता येतं, पण आपल्याकडच्या तारांना झोळ असतो, त्यामुळे तुकड्या-तुकड्यानेच जावं लागतं. आभाळ सोपं. खरी परीक्षा तार भोपळ्यावरून जाते तिथे. भोपळ्याची साल एकसारखी नसते. कुठे पिवळट, कुठे तपकिरी, कुठे वेल घासल्याचा ओरखडा. शेजारचा तुकडा आणून बसवला की तोच ओरखडा बोटभर अंतरावर पुन्हा उमटतो आणि लबाडी उघडी पडते. मग तो पुसायला तिसरीकडचा तुकडा. संध्याकाळ सहज निघून जाते. निवृत्त माणसाला याहून काय हवं?

हिने चहा ठेवता ठेवता मागून पाहिलं. म्हणाली, “अहो, तारा काढल्यात, आता त्यांच्याकडे लाइट कुठून येणार?”

मला हे सगळं फुकटातलंच लागतं. पूर्वी कॉम्प्युटर क्लासवाल्याकडे महागातलं सॉफ्टवेअर सीडीवर ‘क्रॅक’ करून मिळायचं आणि आम्ही सगळे सभ्य, कर भरणारे लोक ते निर्लज्जपणे आणायचो. आता तेच दरमहा भाड्याने घ्या म्हणतात. पेन्शनीतून ब्रशचं भाडं भरायचं हे काही मनाला पटत नाही. तेव्हा फोटो बघायला आपलं इरफानव्ह्यू. बोस्नियाच्या इरफान श्किल्यान या गृहस्थाने 1996 पासून फुकट देऊन ठेवलेलं, आणि चिन्ह काय, तर रस्त्यावर चिरडलेलं लाल मांजर! ऑफिसात त्या मांजरावर दोनदा टिचकी मारताना दर वेळी पोटात थोडं हलायचं. पिकासा होतं, त्यात ‘आय एम फीलिंग लकी’ नावाचं बटण होतं. ते दाबलं की फोटो आपोआप उजळायचा आणि आपल्यालाच काहीतरी जमल्यासारखं वाटायचं. गूगलने 2016 मध्ये ते बंद केलं. माझ्या जुन्या कॉम्प्युटरवर अजून आहे, म्हणून तो कॉम्प्युटर भंगारात देत नाही.

गिंपचीही गंमतच आहे. स्पेन्सर किंबल आणि पीटर मॅटिस या बर्कलीच्या दोन विद्यार्थ्यांनी 1995 मध्ये सुरू केलं, पुढच्या वर्षी लोकांना दिलं, आणि पुढची पोरं ते अजून वाढवतायत. 2025 मध्ये तिसरी आवृत्ती आली. तिच्यात म्हणे फिल्टर लावला तरी खालचं मूळ चित्र शाबूत राहतं, वाटेल तेव्हा फिल्टर काढून घ्या. डार्कटेबल हे फोटोचंच दुसरं फुकट सॉफ्टवेअर, ते करणारे तर पहिल्यापासून याच पंथाचे. मूळ फोटोला हातच लावायचा नाही, काय काय बदललं त्याची यादी शेजारी एका बारक्या फाइलीत लिहून ठेवायची. विकिमीडिया कॉमन्सवर, म्हणजे विकिपीडियावाल्यांच्या फोटोंच्या खुल्या साठ्यात, मी वीरगळ, जुने दरवाजे, एसटी स्टँडची घड्याळं असलं काहीबाही चढवत असतो. तिथेही फोटोवर डागडुजी केली असेल तर तसं नमूद करायची सोय आहे. ती चिठ्ठी मी न चुकता लावतो. ‘तारा काढल्या आहेत.’ कुणी वाचत नसेल. लावतो.

पण माझा एक नियम आहे. तारा काढीन, भिंतीवरची ‘येथे लघवी करू नये’ काढीन, उमेदवारांचे वाढदिवसाचे फ्लेक्स तर आनंदाने काढीन. माणसाच्या चेहऱ्यावरचं काही काढणार नाही. खालच्या मजल्यावरची मुलगी बायोडाटासाठी फोटो घेऊन आली होती. “काका, एवढे दोन पिंपल्स काढून टाका ना.” मी नाही म्हणालो. तिने माझ्यासमोर उभ्या उभ्या मोबाइलवर ते स्वतःच काढले, वर रंगही दोन छटा उजळून घेतला आणि “काही नाही काका, झालं” म्हणून गेली. हल्लीचे काही मोबाइल तर न विचारताच चेहऱ्याला इस्त्री करून देतात.

नियमाचं मूळ तासगावात आहे.

मी दुसरी-तिसरीत असेन, म्हणजे 1969-70. आत्याचा स्थळांना पाठवायचा फोटो काढायचा होता. तिला लहानपणी देवी येऊन गेल्या होत्या. 1975 नंतर आपल्याकडे देवीचा रोगी उरला नाही, त्यामुळे हल्लीच्या पोरांना ‘देवीचे वण’ म्हणजे काय हेही सांगावं लागतं. तेव्हा प्रत्येक गल्लीत असा एक तरी चेहरा असायचा. आजी, आत्या आणि मी असे स्टुडिओत गेलो. जिना चढून वर. आरशापुढे पावडरचा डबा, दात पडलेला कंगवा, खिळ्याला सर्वांसाठी एकच कोट. मागे पडदा: तळं, त्यात हंस, पलीकडे कुठल्यातरी राजवाड्याच्या पायऱ्या. फोटोवाल्या काकांनी मला कॅमेऱ्याच्या काळ्या कापडाखाली घेतलं. आत दुधी काचेवर आत्या उलटी लटकली होती, हंस तिच्या डोक्याशी आणि पाय आभाळात. मी हसलो तर ती बाहेरून ओरडली, “काय रे, काय दिसतंय?”

आजीने पैसे देताना हळूच सांगितलं, “वण तेवढे घालवा.”

दोन दिवसांनी फोटो आणायला मला एकट्याला पाठवलं. तयार नव्हता. काका खिडकीशी बसून तेच काम करत होते. उतरत्या चौकटीत निगेटिव्ह, खाली आरसा, वर भिंग. निगेटिव्हवर आधी वार्निशसारखं काहीतरी बोटाने चोळलेलं, म्हणजे पेन्सिल धरते. पेन्सिलीचं शिसं बोटाच्या पेरापेक्षा लांब, पॉलिशपेपरवर घासून सुईसारखं केलेलं. मला भिंगातून बघायला दिलं. आत्याचा चेहरा काळा, केस पांढरे, आणि काळ्या गालावर बारीक बारीक पांढुरके ठिपके. वणाच्या खळग्यात सावली असते, ती निगेटिव्हवर मोकळी राहते. तिथे शिसं भरलं की कागदावर तेवढी जागा उजळ उठते आणि खळगा बुजतो. हे मला आत्ता कळतं. तेव्हा काका एवढंच म्हणाले, “हे एकेक भरायचं.” आणि खरोखर एकेक भरत होते, मधूनच श्वास रोखून. माझ्या कंट्रोल-टिचकीला जी संध्याकाळ लागते, तेवढ्याला त्यांचे दोन दिवस गेले असतील.

फोटो घेऊन घरी पळत आलो आणि आधी आत्याच्या गालाकडे बघितलं. मला वाटलं होतं, तिथलेही गेले असतील.

फोटो गावोगाव फिरला. एक मंडळी बघायला आली. आत्या पोहे घेऊन बाहेर आली, वाकून नमस्कार केला, पाटावर बसली. मुलाची आई तिच्याकडे बघत राहिली आणि आजीला म्हणाली, “फोटोतली मुलगी आत आहे का?”

पुढचं मला नीट आठवत नाही. पण त्या रात्री आत्याने आजोबांना सांगितलेलं आठवतं: “अण्णा, आता फोटो पाठवायचा नाही. ज्याला यायचं त्याने यावं.” जतचे एक मास्तर तसे आले. पोहे खाल्ले, वाचनालयातून काय काय आणतेस एवढं विचारलं, आणि हो म्हणून गेले.

आत्याने त्यानंतर फोटो काढून घेतला नाही. माझ्या वडिलांकडे आगफा क्लिक-थ्री होता, रोलला बारा फोटो, त्यामुळे एकही वाया घालवायचा नाही म्हणून सगळ्यांना ओळीत उभं केलं जायचं. आत्या ऐन वेळी हाताशी येईल ते पोर उचलून तोंडासमोर धरायची. आमच्याकडच्या अल्बममध्ये तिचे अनेक फोटो आहेत आणि त्या सगळ्यांत दुसऱ्याच कुणाचं तरी बाळ आहे. लग्नातल्या ग्रुप फोटोत ती आहे खरी, पण चेहरा मोहरीएवढा. वाढवून बघितला, नुसते दाणे दिसतात.

आत्या गेल्या वर्षी गेली. वर्षश्राद्धाला मोठा फोटो लावायचा म्हणून आतेबहिणीने ट्रंकेतला तो स्टुडिओतला फोटो आणून दिला. कडेला वाळवी, कपाळावर बुरशीचा डाग, मधून घडी. मी स्कॅन केला. घडी काढली, बुरशी काढली, हंसाची अर्धी मान गेली होती ती दुसऱ्या हंसाची आणून बसवली. काम चांगलं झालं होतं. तिला पाठवला.

तासाभराने फोन आला. “दादा, छान झालाय. पण ही आई नाही रे.”

मी म्हटलं, तुझ्या आईचाच आहे, मी समोर होतो.

“हो, पण वण कुठायत? माझ्या पोरी म्हणतात ही कोण.” मग थोडं थांबून, “तू एवढं सगळं करतोस कॉम्प्युटरवर. ते परत घालता नाही येणार?”

घालता येतील. हत्याराचं काय, बर्न नावाचा ब्रश आहे, बारीक करून सावल्या उठवता येतात, वेगळ्या लेअरवर घेतल्या की खालचा फोटोही शाबूत राहील. पण कुठे घालायचे? निगेटिव्ह स्टुडिओबरोबरच गेलं, तिथे आता मोबाइल रिचार्जचं दुकान आहे. मला पक्कं आठवतंय, डाव्या गालावर जास्त होते आणि नाकपुडीशी एक खोल होता. बहीण म्हणते, अजिबात नाही, उजव्या गालावर. ती रोज शेजारी झोपायची, तिला माहीत. तिच्या भावाला विचारलं तर तो म्हणाला, आईला वण होते?

वर्षश्राद्ध गुरुवारी आहे. फ्रेमवाला म्हणतो, मंगळवारी संध्याकाळपर्यंत फाइल आली तरच होईल.