बेकनचा बटाटा: झाकण ठेवू नका

"ताई, तुमच्याकडचा तो बेकन-ब्रोकोलीचा बटाटा घरी करून बघितला, पण नुसता लगदा झाला. तुम्ही त्यात नक्की घालता काय?" हा प्रश्न मला लिफ्टमध्ये, बारशाला, अगदी बँकेच्या रांगेतही विचारून झालाय. काय घालायचं ते नावातच आहे. अडतं ते किती घालायचं आणि केव्हा घालायचं यावर, आणि तेवढं सांगेपर्यंत लिफ्टचं दार उघडतं. आता तुम्हीही तेच विचारलंत म्हणून एकदा सविस्तर लिहिते.

आधी किती ते. अर्धा किलो बटाट्याला 100 ग्रॅम बेकन पुरे. यावर लोकांचा चेहरा पडतो, कारण पाकीट फोडलं की संपवायचंच असा आपला स्वभाव. पण आमच्या ठाण्याच्या सीकेपी घरात सोडे, म्हणजे सुकवलेली कोळंबी, घालून बटाटा होतो, त्यात सोडे मूठभर आणि बटाटा पातेलंभर असतो. सोड्यांची चव बटाट्याला लागली की त्यांचं काम झालं. बेकनकडेही तसंच बघायचं. डुकराच्या पोटाकडचं मांस मिठात मुरवून त्याला धूर दिलेला असतो, म्हणजे मीठ आणि चरबी दोन्ही ते सोबत घेऊनच येतं. म्हणून कढईत वेगळं तेल नाही, आणि मीठ घालायचं ते अगदी शेवटी, चाखून.

कमी घालायचं दुसरं कारण तब्येतीचं. जागतिक आरोग्य संघटनेच्या कर्करोग संशोधन संस्थेने 2015 मध्ये बेकन, सॉसेज, हॅम अशा प्रक्रिया केलेल्या मांसाला कर्करोगकारक ठरवलं. रोज 50 ग्रॅम खाल्लं तर मोठ्या आतड्याच्या कर्करोगाचा धोका 18 टक्क्यांनी वाढतो, असा त्यांचा अंदाज आहे. तेव्हा हा रविवारचा पदार्थ, तोही दर रविवारचा नाही.

आता केव्हा. बेकन गरम कढईत टाकू नका. थंड कढईत तुकडे पसरा आणि मग खाली मंद आच लावा. गरम कढईत कडा करपतात आणि चरबी आतच अडकून राहते. मंद आचेवर पहिली काही मिनिटं नुसतं पाणी उडतं, तडतड मोठी असते आणि वास उकडलेल्या मांसाचा येतो. मग पाणी संपतं, तुकड्यांभोवती बारीक पांढरा फेस धरतो आणि आवाज एकदम खाली येतो. तो आवाज उतरला की झारा हातात घ्यायचा, कारण तिथून पुढे करपायला फार वेळ लागत नाही. तुकडे ताटलीत काढून ठेवा. कढईत जी चरबी उरते ती या पदार्थाची फोडणी.

बेकन घेताना पट्टीत पांढरे-गुलाबी पट्टे दिसतात ते 'स्ट्रीकी' घ्या. पाठीकडचं 'बॅक बेकन' सँडविचला छान, पण त्याला चरबी बेताची. ठाण्यात चर्चच्या आसपासच्या वस्तीत कोल्ड स्टोरेजची दुकानं असतात, तिथे सांगितलं तर जाड कापून देतात, आणि इथे जाडच हवं. चिकन बेकन चालेल का, हेही खूपजण विचारतात. चालेल, पण त्याला चरबी जवळपास सुटतच नाही. दोन चमचे तेल घ्यावं लागेल, आणि मग धुराचा वास फक्त तुकड्यात राहतो, बटाट्यात उतरत नाही.

आणि आता लगद्याचं कोडं. विचारणाऱ्या प्रत्येकीला मी उलट विचारते, झाकण ठेवलं होतं का? ठेवलेलं असतंच. बटाट्याची कुठलीही भाजी केली की झाकण ठेवून एक वाफ काढायची, हे आपल्या हातात इतकं बसलंय की ते करतोय हेही जाणवत नाही. काचऱ्यांना ते ठीक. इथे ब्रोकोलीचं पाणी, बटाट्याची वाफ आणि झाकणावरून ठिबकणारे थेंब, सगळं मिळून कुरकुरीतपणाची वाट लागते. बटाटा आधी वेगळा शिजवून घ्या आणि कढईत फक्त भाजा.

शिजवताना एक गंमत आहे. आमटीत चिंच आधी पडली तर बटाटा लवकर शिजत नाही, हे तुमच्याही घरात कोणीतरी सांगितलं असेल. बटाट्याच्या पेशी पेक्टिन नावाच्या डिंकासारख्या पदार्थाने एकमेकींना चिकटलेल्या असतात. आंबटात ते घट्ट राहतं, खाण्याच्या सोड्यात मात्र लवकर सुटतं. म्हणून इंचभर फोडी उकळताना लिटरभर पाण्यात पाव चमचा सोडा घालायचा. आठ-दहा मिनिटांत आतून शिजतात आणि बाहेरून जरा विस्कटतात. चाळणीत ओतून त्यांची वाफ पूर्ण जाऊ द्या. मग कोरड्या पातेल्यात घालून पातेलं जोरात हलवा. फोडींच्या कडांना पिठूळ लेप येतो, आणि बेकनच्या चरबीत पडला की तोच लेप सोनेरी कवच होतो. लोखंडी कढईत मध्यम आचेवर एका थरात पसरा आणि दर मिनिटाला ढवळू नका. खालची बाजू सुटली की आपोआप हलते. ओव्हन असेल तर 220 अंशांवर 35-40 मिनिटं, मधे एकदा उलटायचं.

बटाटा कुठला हेही महत्त्वाचं आहे. ठाण्याच्या बाजारात, जांभळी नाक्यावर, विचारलंत तर आग्रा, इंदौर, तळेगाव अशी नावं ऐकू येतात. आग्र्याकडचं पीक फेब्रुवारी-मार्चमध्ये निघतं आणि शीतगृहात जातं, पावसाळ्यात आपल्याकडे येतं ते बरंचसं तेच. थंडीत फार दिवस राहिलेल्या बटाट्यात स्टार्चची साखर होते. असा बटाटा कढईत पटकन काळपट होतो आणि चवीला गोडसर लागतो. तो आठवडाभर टोपलीत बाहेर ठेवला तर गोडी बरीच उतरते. याच कारणासाठी बटाटे फ्रिजमध्ये ठेवू नयेत. भाजीवाल्याने "एकदम नया माल" म्हटलं तर साल अंगठ्याने घासून बघा. कोवळी असेल तर निघून येते, पण त्या नव्या बटाट्यात पाणी जास्त, कुरकुरीत व्हायला तो कंटाळा करतो.

ब्रोकोलीबद्दल माझं मत जरा कडक आहे. ती उकडून घालणाऱ्यांना मी रेसिपी सांगत नाही. कोबी, फ्लॉवर आणि नवलकोलाची ही सख्खी बहीण. जास्त शिजली की कोबीसारखाच तो गंधकाचा वास सोडते, आणि तुऱ्यांत पाणी धरून ठेवते ते वेगळंच. मिठाच्या पाण्यात दहा मिनिटं बुडवून अळ्या काढा, झटका, फडक्यावर पूर्ण वाळवा. देठ फेकू नका. साल काढून चकत्या केल्या तर नवलकोलासारखा गोड लागतो. बटाटा सोनेरी झाल्यावर शेवटच्या सात-आठ मिनिटांत ब्रोकोली घाला आणि तुऱ्यांची टोकं किंचित करपू द्या. ठेचलेला लसूण त्यानंतर, बेकनचे तुकडे आणि मिरपूड गॅस बंद केल्यावर. लिंबू ताटातच पिळायचं, कढईत पिळलंत तर ब्रोकोलीचा हिरवा रंग पाच मिनिटांत शेवाळी होतो.

चीज घालायचं का? तुमची मर्जी. पण आपलं प्रक्रिया केलेलं चीजही खारटच असतं, म्हणून तेव्हा मीठ अजिबात नको.

हाच माल वापरून बाकीही गोष्टी होतात. आयर्लंडमध्ये बटाटा कुस्करून त्यात कोबी किंवा केल ही कोबीच्याच जातीची पालेभाजी आणि लोणी घालतात, त्याला कोलकॅनन म्हणतात. त्यात केलच्या जागी बारीक चिरलेली ब्रोकोली आणि वर बेकनचा चुरा घातला की पोळीबरोबरसुद्धा जातं. जर्मनीच्या दक्षिण भागात उकडलेल्या बटाट्याच्या गरम चकत्यांवर व्हिनेगर घालून सॅलड करतात, बरेचजण त्यात बेकनही परततात. शिजल्यानंतर आंबट पडल्यामुळे चकत्या फुटत नाहीत. उन्हाळ्यात मला हेच जास्त आवडतं. अमेरिकेतला अख्खा भाजलेला बटाटा, पोटात ब्रोकोली, चीज, बेकन भरलेला, पोरांना आवडतो. वरून तिकडची चाइव्ह नसली तरी कांद्याची पात घाला, काही बिघडत नाही.

आमच्या मजल्यावर शाकाहारी बरेच, त्यामुळे हा प्रश्नही ठरलेला असतो. त्यांच्यासाठी सुक्या खोबऱ्याचे पातळ काप गॅसवर चिमट्यात धरून कडा काळ्या होईपर्यंत भाजा, मीठ आणि लाल तिखट लावा. धुरकटपणा येतो, तेलकटपणा येतो, चावायलाही काहीतरी मिळतं. बटाटा तेव्हा तुपात भाजायचा. कढई मात्र वेगळी ठेवा, त्यांनी विचारायच्या आधीच.

आणि डब्यात द्यायचा असेल तर भाजलेला बटाटा देऊ नका. डब्याचं झाकण म्हणजेसुद्धा झाकणच, दुपारपर्यंत सगळं मऊ पडतं. डब्याला ते कोलकॅननसारखं कुस्करलेलं द्या, बेकनचा चुरा कागदात वेगळा बांधून.