घोडीचा आपल्यावर भरवसा आहे हे ओळखायचं कसं

टिकली ही माझी घोडी. ती माझ्याकडे आल्यापासून मला सगळ्यात जास्त विचारला जाणारा प्रश्न म्हणजे "तुला ओळखते का गं ती? प्रेम आहे का तिचं तुझ्यावर?" आणि विचारणाऱ्याच्या डोळ्यासमोर बहुतेक वेळा ते इन्स्टावरचे फोटो असतात, मागे सूर्यास्त, घोड्याच्या गळ्यात हात, दोघांचे डोळे मिटलेले वगैरे. ओळखते, शंभर टक्के ओळखते. प्रेमाबद्दल मी छातीठोकपणे काही सांगणार नाही, पण भरवसा मात्र दिसतो, आणि तो अगदी बोअर वाटणाऱ्या गोष्टींमधे दिसतो, ज्यांचा कोणी फोटो काढत नाही.

आधी एक लक्षात घ्यायचं की घोडा हा पळून जीव वाचवणारा प्राणी आहे. शिंगं नाहीत, नख्या नाहीत, लाथ मारतो पण तो शेवटचा उपाय, पहिला उपाय धूम ठोकणे. डोळे डोक्याच्या दोन बाजूंना, त्यामुळे मान न वळवता त्याला जवळजवळ ३५० अंश दिसतं, फक्त कपाळाच्या अगदी समोर, नाकाखाली आणि बरोब्बर शेपटीमागे थोडी जागा आंधळी राहते. कान दोन्ही वेगवेगळे फिरतात. थोडक्यात काय, तर दिवसभर पहारा चालू. आता असा प्राणी तुमच्याजवळ असताना पहारा किती ढिला सोडतो, भरवसा मोजायचा तो तिथे. आपण नाही का, ओळखीचं कोणी गाडी चालवत असलं की शेजारच्या सीटवर खुशाल डुलकी काढतो आणि ड्रायव्हर नवखा असला की डोळे रस्त्यावर. तसंच.

म्हणून माझ्यासाठी सगळ्यात मोठं सर्टिफिकेट म्हणजे टिकली आडवी पडलेली असताना मी आत गेले आणि ती उठली नाही. घोडे उभ्याउभ्या झोपतात हे सगळ्यांना माहीत असतं, पायांची सांधे लॉक करणारी व्यवस्थाच असते तशी, पण ती झोप अर्धवट. स्वप्नांची गाढ झोप घ्यायची तर स्नायू पूर्ण सैल पडतात आणि त्यासाठी घोड्याला आडवं व्हावंच लागतं. रोज अर्धा-पाऊण तास मिळाली तरी भागतं, पण जिथे सुरक्षित वाटत नाही तिथे घोडा दिवसेंदिवस आडवा होत नाही आणि मग झोप साठून उभ्याउभ्या गुडघ्यातून कोसळतो, पुढच्या पायांना खरचटलेलं दिसतं. कळपात एकजण झोपला की दुसरा कोणीतरी उभा राहून लक्ष ठेवतो. त्यामुळे घोडी पसरलेली आहे, तुमची पावलं ऐकून एक कान वळवला, बघितलं कोण आहे आणि डोकं परत खाली टाकलं, याच्यापुढे त्या मिठीच्या फोटोला काही अर्थ नाही. (आणि अशा वेळी जाऊन तिच्या अंगावर लोळायचं नसतं. ती दचकून उठली तर पाच-सहाशे किलोचं काय काय आपल्यावर येईल याचा विचार करा.)

दुसरं, पाय. खूर साफ करायला पाय उचलून देणं आपल्याला रोजचं काम वाटतं पण पळणाऱ्या प्राण्याने पाय दुसऱ्याच्या हातात देणं म्हणजे काय हे जरा तिच्या बाजूने बघा. ओढून-ताणून घेतलेला पाय आणि तिने स्वतःहून वजन दुसरीकडे टाकून ढिला दिलेला पाय, हाताला फरक लगेच कळतो. तसंच डोकं खाली घेऊन तुमच्या छातीपाशी आणून ठेवणं, कारण तिथे तिला जवळपास दिसतच नाही, ती आंधळ्या जागेत तुम्हाला येऊ देतेय.

पण डोकं घासणं वेगळं हं! सरावानंतर डोक्यावरच्या पट्ट्याखाली घाम येतो, खाज सुटते आणि ती कपाळ माझ्या खांद्यावर खसाखसा घासते. बघणारे म्हणतात अय्या किती लाड करतेय. लाड कसले, मी त्या वेळी खांब असते. चालवून घेतलं तर पुढेपुढे धक्के मारायला लागते, म्हणून मी एक पाऊल बाजूला होते आणि हाताने तिथेच खाजवून देते, म्हणजे दोघींचं समाधान.

खाजवण्यावरून आठवलं. दोन घोडे जवळचे असतील तर एकमेकांच्या उलट दिशेला तोंड करून उभे राहतात आणि दातांनी एकमेकांची मान आणि खांद्याचा भाग कुरतडत बसतात. सगळ्यात आवडती जागा म्हणजे आयाळ जिथे संपते तो उंचवटा. १९९३ साली कामार्ग जातीच्या घोड्यांवर एक छान काम झालं होतं, माणसाने हाताने त्याच जागी खाजवलं तर घोड्याच्या हृदयाचे ठोके कमी होतात, आणि दुसरीकडे खाजवलं तर होत नाहीत. तेव्हापासून मानेवर थापट्या मारण्याची आपली जी सवय आहे ना, शाब्बास म्हणून धपाधप, ती मला हास्यास्पदच वाटते, घोडे कुठे एकमेकांना थापट्या मारतात? खरारा करताना त्या उंचवट्यावर बोटं रुतवून खाजवा, जागा बरोबर सापडली की वरचा ओठ लांब होऊन थरथरायला लागतो, मान पुढे ताणली जाते आणि चेहरा इतका बावळट होतो की हसू आवरत नाही. टिकली तर कधीकधी मान वळवून माझ्या पाठीवर ओठ फिरवायला लागते, म्हणजे परतफेड. हा भरवश्याचा भाग मला सोबतीचा वाटतो, कारण हे घोडे सगळ्यांशी करत नाहीत, कळपातसुद्धा ठरलेल्या एक-दोघांशीच करतात. ओठांचे दात झाले तर मात्र शांतपणे तिचं तोंड बाजूला करायचं, तिच्या मैत्रिणीची कातडी जाड असते, माझी नाही.

आवाजाचं पण आहे. लांबून खिंकाळते ते बहुतेक "कुठे आहात सगळे" असं, एकटी पडली की. मी दिसल्यावर तोंड मिटूनच घशातल्या घशात जो घरघरल्यासारखा हळू आवाज काढते तो वेगळा, घोडी आपल्या शिंगराला बोलावते तो तसला. अर्थात चंदीची (म्हणजे दाण्याची) बादली हातात असली की तो आवाज दुप्पट गोड होतो हेही खरं आहे, त्यामुळे रिकाम्या हाताने गेल्यावर काढला तरच मी तो माझ्या खात्यात जमा करते. आणि फुरफुरणं, नाकातून सावकाश फुर्रर्र. फ्रान्समधल्या संशोधकांनी २०१८ मधे दाखवलं की हे फुरफुरणं घोडे निवांत असताना, चरताना वगैरे जास्त करतात. डोकं वर, अंग ताठ आणि नाकातून एकच जोराचा फटकारा, तो धोक्याचा, त्यात गल्लत करू नका.

ओळखण्याबद्दल म्हणाल तर यावर ससेक्स युनिव्हर्सिटीच्या लोकांनी मस्त प्रयोग केलेत. एका बाजूला मालक, दुसऱ्या बाजूला दुसरं कोणी उभं करायचं आणि स्पीकरवर एकाचा आवाज लावायचा, तर ज्याचा आवाज त्याच्याकडे घोडे पटकन आणि जास्त वेळ बघतात, म्हणजे आवाज आणि चेहरा यांची जोडी त्यांच्या डोक्यात पक्की असते. २०१६ मधे तर नुसते फोटो दाखवले, हसरा आणि रागावलेला चेहरा, रागावलेला फोटो बघून ठोके लवकर वाढले आणि घोडे डाव्या डोळ्याने बघायला लागले, जे ते धोक्याच्या गोष्टींसाठी करतात. पुढे २०१८ मधे आणखी एक गंमत, सकाळी ज्याचा रागीट फोटो दाखवला तोच माणूस काही तासांनी साधा चेहरा करून समोर आला तरी घोड्यांनी डूख धरलेलाच! आणि त्या माणसाला माहीतच नव्हतं की आपला कुठला फोटो दाखवलाय. उलट चांगलंही लक्षात राहतं, ज्या माणसाने खाऊ देऊन शिकवलं त्याच्याजवळ घोडे कित्येक महिन्यांनी भेटल्यावरही जास्त राहतात असं फ्रेंच संशोधकांनी २०१० मधे दाखवलंय. ऑफिसातलं डोक्यात घेऊन मी तबेल्यात जात नाही ते यामुळेच, बाहेर दोन मिनिटं उभी राहते, मग आत.

जपानमधला एक प्रयोग मला सगळ्यात आवडतो. गाजर अशा बादलीत लपवलं की घोड्याचं तोंड पोचणार नाही, फक्त सांभाळणाऱ्याचा हात पोचेल. घोडे त्या माणसाजवळ येऊन उभे राहिले, त्याच्याकडे बघितलं, तोंडाने ढकललं. आणि गाजर लपवताना त्या माणसाने पाहिलं नव्हतं तेव्हा हे जास्त केलं, जणू याला माहीत नाही, याला सांगायला हवं. अडलं तर माणसाकडे जायचं हे जे आहे, मला ते मिठीपेक्षा कितीतरी मोठं वाटतं. टिकली पण पाण्याची टाकी रिकामी असली की माझ्याकडे बघते, टाकीकडे जाते, परत बघते, तोवर मला कळलेलं असतं पण मुद्दाम मी थोडी थांबते कारण ते बघायला मजा येते.

आता जरा कडू. गोल रिंगणात घोड्याला पळवपळव पळवायचं, मग पाठ फिरवून उभं राहायचं आणि तो मागे मागे यायला लागला की "बघा, मला लीडर मानलं" असं म्हणायचं, हे व्हिडिओ खूप चालतात. सिडनीच्या संशोधकांनी २०१२ मधे हेच रिमोटवरच्या खेळण्यातल्या गाडीने करून दाखवलं आणि घोडे गाडीच्याही मागे गेले. पळवणं थांबतं म्हणून येतो बिचारा. जीभ फिरवणं आणि चघळल्यासारखं करणं हे पण लोक "मान्य केलं" म्हणून सांगतात, खरं तर ते बऱ्याचदा ताण गेल्यानंतरचं असतं, म्हणजे आधी ताण होता. आणि सगळ्यात फसवा म्हणजे एकदम शांत घोडा. काहीही करा हलत नाही, नजर कुठेच नाही, कान दोन्ही बाजूला पडलेले, विकणारा म्हणतो अगदी गरीब जनावर आहे. असे घोडे मी पाहिलेत, कितीही विरोध केला तरी काही बदलत नाही हे कळलं की घोडा विरोधच बंद करतो. भरवसा असलेला घोडा तुम्हाला नाही पण म्हणतो, बुजतो सुद्धा, फक्त बुजल्यावर लांब पळत सुटत नाही, दोन पावलांवर थांबून तुमच्याकडे एक कान करतो. टिकलीला अजूनही फडफडणारं प्लास्टिक चालत नाही. चालतच नाही. पण हल्ली आधी प्लास्टिककडे बघते आणि मग माझ्याकडे.

आणि हो, कोणी मला घोडा घ्यायचाय म्हणून विचारायला आलं की मी पहिलं हेच विचारते, त्याला दुसरा घोडा सोबत असणारे का? कारण आपण तासभर जातो, दोन तास जातो, उरलेला दिवस आणि अख्खी रात्र तो काय करणार? रात्री आडवं व्हायला त्याला शेजारी उभं राहणारं कोणीतरी लागतं आणि ते काम आपण करू शकत नाही. टिकली त्या शेजारच्या म्हाताऱ्या घोड्याला सोडून माझ्याकडे येते तेव्हा मला भारी वाटतं, पण मी निघाले की ती वळून थेट त्याच्याकडेच जाते, आणि तसंच असायला हवं.