निरगाठ

भिजत घातलेल्या अंबाडीचा वास ज्याच्या नाकात गेला नाही, त्याला तो सांगून कळायचा नाही. ओढ्यात पेंढ्या बुडवून वर दगड ठेवायचे; दहा-पंधरा दिवसांत साल कुजून सुटायची, ती सोलून, धुऊन वाख निघायचा. आमचे ड्रॉइंगचे सर त्या वासासकट वर्गात यायचे. पाठीमागे आम्ही त्यांना 'वाखवाले सर' म्हणायचो, आणि ते त्यांना ठाऊक होतं.

शाळेने काय दिलं ते लिहा, असा स्मरणिकेसाठी निरोप आलाय. मला गाठ मारता येते.

एलिमेंटरी-इंटरमीजिएटची तयारी सर नेमाने करून घेत, पण जीव नव्हता त्यात. जीव होता शनिवारच्या कार्यानुभवाच्या तासात. शिवारातून एखादं बोंड नाहीतर शेंग आणायची आणि वाखाच्या दोरीतून ती दहापट मोठी करायची. आधी कागदावर काढून घ्यायला मनाई. कुणी पळसाची पापडी आणायचं, कुणी सीताफळ. मी रुईचं बोंड नेलं. सरांनी ते शिवणीवर उकललं. आत माशाच्या खवल्यांसारख्या एकावर एक बसलेल्या चपट्या बिया, आणि प्रत्येकीला म्हातारीचे रेशमी केस. इतकी वर्षं आम्ही ती बोंडं पायाने फोडत होतो, आत कधी डोकावलो नव्हतो.

मी घाईत सगळ्या सुरगाठी मारल्या. सरांनी एक टोक धरून ओढलं आणि पंधरा दिवसांचं बोंड सर्रकन उसवून त्यांच्या पायाशी पडलं. "बैल बांधायचाय का सोडायचाय?" एवढंच म्हणाले. पुन्हा निरगाठींनी करायला दीड महिना लागला. बोटांना चिरा पडल्या, आईने हळद-तेल लावलं आणि सरांचा उद्धार केला.

एकदा सगळ्या वर्गाला घेऊन मळ्यातल्या विहिरीवर गेले. विहिरीवर वाकलेल्या बाभळीला सुगरणीचे खोपे लोंबत होते, काही अर्धेच. अर्ध्यावर मादी येऊन पारख करते, पसंत पडला तर नर पुढची नळी विणतो. "चोचीने गाठी मारतो तो. विणणार नर, नाव बाईचं!" सर हसून म्हणाले. पडलेला एक खोपा त्यांनी तासभर धागा धागा सोडवला. आम्ही कंटाळून विहिरीत खडे टाकत बसलो.

आमची ती बोंडं एकदा जिल्ह्याच्या प्रदर्शनात गेली. परीक्षकांनी विचारलं, "याचा उपयोग काय? पायपुसणी तरी करायची!" सर काही बोलले नाहीत. परतीच्या एसटीत ते बोंडांचं गाठोडं मांडीवर घेऊन बसले होते. कंडक्टरने त्याचं लगेजचं तिकीट फाडलं. पुढे त्यातली काही प्रयोगशाळेच्या आढ्याला टांगलेली होती, ती उंदरांनी खाल्ली म्हणतात.

२०१५ च्या जानेवारीअखेर कामासाठी दिल्लीला गेलो होतो. राष्ट्रीय आधुनिक कला संग्रहालयात मृणालिनी मुखर्जी यांचं प्रदर्शन लागलं होतं. सहज शिरलो आणि दारातच थबकलो. तागाच्या रंगवलेल्या दोरीच्या गाठी मारून केलेल्या माणसापेक्षा उंच आकृत्या; फूल म्हणावं तर देवी दिसते, देवी म्हणावी तर कोंब. या बाई १९४९ ला मुंबईत जन्मलेल्या, बडोद्यात शिकलेल्या, आईवडील दोघेही कलावंत. आधी रेखाटन न करता त्याही थेट दोरीलाच हात घालत. वास घ्यायला वाकलो तर पहारेकऱ्याने मागे सारलं. ते प्रदर्शन सुरू असतानाच फेब्रुवारीत त्या गेल्या.

रात्री सरांना फोन केला. ऐंशी ओलांडलेली, ऐकू कमी येतं. ओरडून ओरडून सगळं सांगितलं.

"गाठ कुठली रे?"

"निरगाठच असावी, सर."

"आणि एवढं उंच उभं कसं राहतंय? आपलं तर लगेच बसायचं."

"उभ्या असतात त्यांच्या आत लोखंडी सांगाडा असतो म्हणे."

बराच वेळ पलीकडून आवाज नाही. मला वाटलं फोन कट झाला.

"हां," सर म्हणाले, "लोखंडाला पैसे कुठले होते आपल्याकडं. म्हणून तर आपण टांगायचो."

— एक माजी विद्यार्थी, परभणी जिल्हा