मोठ्याने वाजवायला जागा मिळेल का?

खालच्या मजल्यावरच्या आजी वर आल्या तेव्हा आम्ही बँडमधले चौघं सिंबलवर टॉवेल टाकून, आमच्या मते अगदी हळू, वाजवत होतो. त्यांनी ड्रमसेटकडे नीट बघून घेतलं आणि म्हणाल्या, "त्या ताटल्यांचा मला काही त्रास नाही रे. ते धप धप कशाचं येतं? पलंग हलतो माझा." ड्रमरने ओशाळून किकच्या, म्हणजे पायाने वाजवायच्या मोठ्या ड्रमच्या, पेडलवरचा पाय काढला. महिनाअखेरीस खोली सोडावी लागली. भिंतीला चिकटवलेला फोम सोलताना रंगही निघून आला, त्याचे पैसे अनामतीतून कापले गेले.

फोमचं आधी सांगून टाकतो, कारण जागा शोधणाऱ्यांचे पहिले पैसे बहुधा त्यातच जातात. फोमने खोलीतला घुमारा कमी होतो, वाजवणाऱ्यांना स्वच्छ ऐकू येतं. बाहेर जाणारा आवाज त्याने फारसा थांबत नाही. तो थांबवायला वजन लागतं: जाड भिंत, जड दार आणि दाराखाली फट नको. बेस गिटारच्या सगळ्यात जाड तारेचा मोकळा सूर साधारण ४१ हर्ट्झचा, म्हणजे हवेतली त्याची लहर ८ मीटरच्याही वर. दोन इंची फोम तिच्यापुढे काय टिकणार? आणि किकचा धक्का हवेच्या भानगडीत पडतच नाही, ड्रमच्या पायांतून सरळ स्लॅबमध्ये उतरतो. आजींचा पलंग हलला तो असा.

मग काही महिने तासावर मिळणाऱ्या स्टुडिओत गेलो. तिथे आवाजाची चिंता नव्हती, पण सामान ठेवायची सोय नव्हती. दोन तासांच्या तालमीतली चाळीस मिनिटं केस उघडण्यात, वायरी जोडण्यात आणि पुन्हा गुंडाळण्यात जायची. उरलेलं सामान चौघांच्या घरी विखुरलेलं. माझ्या पलंगाखाली बेसचा अँप, म्हणजे अँप्लिफायर, होता आणि तो अँप बाहेर काढायचा म्हणजे आधी पलंगच सरकवायचा. एकदा सगळे जमले आणि पॉवर केबल दुसऱ्याच घरी राहिली म्हणून तालीमच झाली नाही. सामान एका जागी आणि वाजवणं तिथेच, हे चैन म्हणून नको होतं, वेळ वाचवायला हवं होतं.

सामान ठेवायला भाड्याने मिळणारा गाळा बघितला. स्वस्त, कोरडा, कुलूपबंद. पण आत एकही प्लग नव्हता, आणि करारात स्पष्ट लिहिलेलं की इथे फक्त सामान ठेवायचं. गुपचूप बॅटरीवर वाजवू, असं गिटारवाला म्हणाला. त्याला कोणी उत्तर दिलं नाही.

त्यानंतरच्या तळघराने मात्र आम्हाला जवळजवळ फसवलं. तिन्ही बाजूंना माती, वर बंद गोदाम, भाडं परवडणारं. दार लावून ड्रमरने जोर लावला तर रस्त्यावर काही म्हणजे काही ऐकू आलं नाही. मी सही करायलाच निघालो होतो. आमची गायिका म्हणाली, "थांब, आठवडाभर एक आर्द्रतामापक ठेवून बघू." मालकाने परवानगी दिली. आठव्या दिवशी आकडा ७८ टक्के होता. लाकडी वाद्यांना ४० ते ६० टक्क्यांच्या आसपास बरं वाटतं. त्याच्या बरंच वर गेलं की गिटारचं लाकूड फुगतं, तारा आणि स्क्रू गंजतात, स्पीकरच्या कापडावर पांढरी बुरशी धरते. कोपऱ्यात मागच्या भाडेकरूचा एक स्टँड पडला होता. त्याचा पेच फिरवला तर बोटांना तांबडी पूड लागली. आम्ही तळघर सोडलं. सही करायची घाई झालेला माणूस भिंतीवरची ओल बघत नाही, आणि तो माणूस मी होतो.

तोपर्यंत आम्ही सगळीकडे एकच गोष्ट विचारत होतो: आवाज बाहेर जाईल का? तळघरानंतर गायिकेने प्रश्नच बदलला. आपण वाजवू त्या वेळी आजूबाजूला कोणी असेल का? हे डोक्यात आल्यावर राहती घरं यादीतून गेली आणि दिवसा गजबजणाऱ्या, संध्याकाळी ओस पडणाऱ्या जागा दिसायला लागल्या. कारखाने, गॅरेज, छापखाने. दिवसभर स्वतःच खडखडाट करणाऱ्या माणसाला आवाजाचं नाव काढल्यावर धसका बसत नाही, हाही फायदा.

अशीच एक सुतारकामाची वर्कशॉप मिळाली. मागे रिकामी खोली, तळमजल्यावर, फरशीखाली थेट जमीन. भाडं ठरवण्याआधी आम्ही चाचणी घेतली, आणि तिथे मी आणखी एक चूक केली. दोघं आत वाजवत होते, मी आवाराच्या कडेला फोनवरचं डेसिबल मोजायचं ॲप घेऊन उभा. आकडा शांत वेळेपेक्षा जेमतेम वाढला. मी खूश. पण बेसचा घुमारा पोटात जाणवत होता! ॲप ए-वेटिंगवर होतं. त्या मापनात ४० हर्ट्झच्या आसपासचा खोल आवाज सुमारे ३५ डेसिबलने कमी धरला जातो. खोल आवाजही जवळजवळ पूर्ण मोजणाऱ्या सी-वेटिंगवर टाकलं तेव्हा आकड्याने खरं सांगितलं. फोनचा आकडा तंतोतंत नसतो, पण वाजतानाचा आणि थांबल्यावरचा फरक कळायला तेवढा पुरतो. त्यातून उपाय सुचला तो सगळ्यात स्वस्त होता: सगळ्यांनीच आवाज कमी केला. गिटारवाल्याची समजूत काढायला चाचणीपेक्षा जास्त वेळ लागला.

मालकांशी बोलणं सोपं गेलं. "काका, रात्री नऊनंतर वाजवणार नाही," असं आम्ही म्हटल्यावर ते म्हणाले, "तोंडी नको, लिहा." मग सगळंच लिहिलं. वाजवायचे वार आणि वेळा, "संगीताचा सराव" हा शब्दप्रयोग, किल्ल्या किती आणि कोणाकडे, विजेचा वेगळा सबमीटर, आणि खोली दुसऱ्या बँडसोबत वाटून घ्यायची मुभा. ही शेवटची ओळ नसती तर जागा परवडलीच नसती. आता भाडं दोघांत अर्धं होतं. ड्रमसेट एकच, पण पेडल, स्नेअर आणि सिंबल ज्याचे त्याने आणायचे. प्रत्येक वस्तूचा फोटो आणि अनुक्रमांक आम्ही एका वहीत उतरवला. विम्यासाठी तीच यादी लागली.

काकांची एक अट होती: व्हॉल्व्ह अँप, म्हणजे काचेच्या नळ्यांवर चालणारे अँप, चालू ठेवून कोणी बाहेर जायचं नाही. ते अँप चांगलेच तापतात आणि शेजारच्या खोलीत भुशाचे ढीग. हा भुसा आमच्याही मुळावर आला. महिन्याभरात अँपची बटणं फिरवताना खरखर यायला लागली, म्हणून आता सगळ्यावर जाड कापड घालतो आणि दाराखाली रबराची पट्टी लावली आहे. ती लावली होती भुशासाठी, आवाजही थोडा अडला.

कधी मोठी ऑर्डर असली की वर्कशॉप उशिरापर्यंत चालते. अशा एका संध्याकाळी आम्ही ताटकळत उभे होतो आणि रंधा मारायच्या मशीनपुढे आमचे ड्रम म्हणजे काहीच नाहीत, असं वाटून मी खिशातले इअरप्लग कानात घातले. काकांनी ते पाहिलं. तीस वर्षं उघड्या कानांनी काम केलं, म्हणाले. मी त्यांना सांगितलं की ८५ डेसिबलला कानांना आठ तास चालतात, पुढे दर ३ डेसिबलला वेळ निम्मी होत जाते आणि १००ला पंधराच मिनिटं उरतात. त्यांनी मशीनकडे बघितलं, मग माझ्याकडे हात पुढे केला.

"जोडी आहे का अजून एक?"

आता मशीनशेजारच्या खिळ्याला, दोरीला बांधलेले नारिंगी इअरप्लग लटकलेले असतात.