हिरवा गणवेश, काळी-पांढरी गाडी आणि आईचं लेखाशीर्ष

टेक्ससमधल्या साउथ पाड्रेच्या समुद्रावरून ऑस्टिनला घरी परतताना सारिटाचा तपासणी नाका लागतो. मेक्सिकोची हद्द केव्हाच मागे पडलेली असते, तरी उत्तरेकडे निघालेली प्रत्येक गाडी तिथे थांबतेच. हिरव्या गणवेशातल्या जवानाने आमचे तिघांचे पासपोर्ट पाहिले, आई-बाबांची नीट विचारपूस केली आणि मिनिटभरात सोडलं. माझ्या पोटातला गोळा मात्र पुढचे दहा मैल तसाच होता. कागदपत्रं चोख असली तरी तो येतोच.

आईचं लक्ष भलतीकडेच. "अगं, मघाशी रस्त्याकडेला काळ्या-पांढऱ्या गाडीत होते ते वेगळे ना? त्यांचा पगार कोणत्या हेडला पडतो, कोणाच्या तिजोरीतून?"

आईची सगळी नोकरी गडचिरोली जिल्हा परिषदेच्या लेखा विभागात झाली. मी सांगितलं, हिरवे ते केंद्राचे सीमा गस्ती दल, काळ्या-पांढऱ्या गाडीतले टेक्सस राज्याचे पोलीस. "आणि सीमा कोणाची?" केंद्राची. 2012 मध्ये अ‍ॅरिझोनाच्या खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने हे पुन्हा बजावलं होतं. "मग राज्य खर्च कशाला करतं?"

घरी पोचेपर्यंत हाच विषय. मार्च 2021 मध्ये टेक्ससचे गव्हर्नर ग्रेग अ‍ॅबट यांनी 'ऑपरेशन लोन स्टार' ही राज्याची स्वतःची सीमा-मोहीम सुरू केली. राज्याचे पोलीस, नॅशनल गार्ड हे राखीव सैन्य, काटेरी तारा, सीमेवरच्या नदीत तरंगते अडथळे, राज्याची स्वतःची भिंत. खर्च 11 अब्ज डॉलरच्या वर गेला. जानेवारी 2025 मध्ये अ‍ॅबट यांनी तो वॉशिंग्टनकडे परत मागितला, आणि 4 जुलै 2025 ला सही झालेल्या केंद्राच्या मोठ्या कायद्यात राज्यांसाठी एकूण साडेतेरा अब्जांची तरतूद झाली. 20 जानेवारी 2021 पासूनची जुनी कामंही त्यात धरली. छोट्या गावांतून स्थलांतरितांना देशात दुसरीकडे हलवण्याचा खर्चसुद्धा त्यात बसतो.

"म्हणजे कार्योत्तर मंजुरी," आई म्हणाली. तिच्या तोंडी हा शब्द शिवीसारखा येतो. आधी काम उरकायचं, मग फाइल फिरवायची. अशा फाइलींवर आयुष्यभर शेरे मारलेत तिने.

इथे मला टेक्ससची बाजू घ्यावीशी वाटली, आणि मी ती मनापासून घेतली. डिसेंबर 2023 मध्ये दक्षिण सीमेवर बेकायदा ओलांडणाऱ्यांची नोंद अडीच लाखांच्या घरात गेली होती. ईगल पास हे टेक्ससच्या सीमेवरचं जेमतेम 28 हजार वस्तीचं गाव, तिथे दिवसाला हजारो माणसं नदीतून वर येत होती. त्या गावाने कोणाच्या मंजुरीची वाट पाहायची? टेक्ससने 1994 मध्ये रीतसर कोर्टात जाऊनही पाहिलं होतं: धोरण केंद्राचं, तर आमचा खर्च भरून द्या. कोर्टाने ऐकलं नाही. आपल्या गडचिरोलीत नक्षलविरोधी कामावर राज्य जो ठरावीक सुरक्षा खर्च करतं, त्याची प्रतिपूर्ती केंद्र करतंच की.

"ती योजना आधी ठरलेली असते," आई म्हणाली. "काय मिळेल, काय नाही, ते आधी छापलेलं असतं."

यावर माझ्याकडे उत्तर नव्हतं. मला खरा राग येतो तो इथेच. मी केंद्राला आयकर देते. राज्याचा आयकर इथे नाही, आणि कॅलिफोर्नियातली नोकरी सोडून मी इथे आले ते त्याच हिशोबाने. तो निर्णय मला आजही बरोबर वाटतो. पण दुकानातल्या बहुतेक खरेदीवर सव्वाआठ टक्के विक्रीकर जातो, त्यातले सव्वासहा राज्याचे. म्हणजे आधी राज्याच्या तिजोरीतून भिंत बांधली, आता केंद्राच्या तिजोरीतून तिचे पैसे परत. खिसा दोन्ही वेळा माझाच आणि मला मतदानाचा हक्क नाही. टेक्ससने बसने पाठवलेले स्थलांतरितही न्यूयॉर्कच्या निवाऱ्यांत गेले. त्या शहराचा स्थलांतरितांवरचा खर्च 5 अब्जांच्या पुढे गेला, तो बोजा तिथल्या करदात्यांवर.

मग बाबांनी पठाणकोट काढलं. जानेवारी 2016 चा हल्ला झाला हवाई तळावर, आणि निमलष्करी दलं पाठवल्याबद्दल केंद्राने पंजाबकडे 6.35 कोटी मागितले. पंजाबने नाकारले: हे देशाचं रक्षण आहे, आमचं एकट्याचं नाही. मला तेव्हाही पंजाबचं पटलं होतं, म्हणून आज टेक्ससचंही पटायला हवं, असं मी म्हटलं.

आईने मान हलवली. "पंजाबने खर्चाचा हुकूम स्वतः दिला नव्हता. तुमच्या गव्हर्नरांनी दिलाय."

ऑस्टिनचे दिवे दिसू लागले तरी ती याच मुद्द्यावर होती.