तुम्ही विचारलंत म्हणून : क्लचचे बिल

माझ्याकडे जुनी, हाताने गिअर टाकायची, दोन आसनी पोर्शे बॉक्स्टर आहे हे कळले की विलेपार्ल्यातले शेजारी, कचेरीतले सहकारी आणि लग्नकार्यात भेटणारे भाचे एकच प्रश्न वेगवेगळ्या शब्दांत विचारतात : क्लच गेला तर किती लागतात? मला हा प्रश्न आवडतो, कारण जुनी स्पोर्ट्स कार घ्यावी की नाही याचा निर्णय बहुधा याच आकड्यापाशी अडतो. म्हणून आकडा आधी सांगतो. माझ्या गाडीसारख्या, म्हणजे २००५ ते २०१२ या काळातल्या ९८७ पिढीच्या, बॉक्स्टर किंवा केमनच्या पूर्ण कामाला मुंबईत अंदाजे दोन ते चार लाख रुपये धरावेत. चांगल्या स्वतंत्र गॅरेजमध्ये दोनच्या आसपास, अधिकृत वर्कशॉपमध्ये चारकडे झुकणारे. याच शहरात लहान हॅचबॅकचे काम दहा-पंधरा हजारांत आटोपते, त्यामुळे ऐकणाऱ्याचा पुढचा प्रश्न ठरलेला असतो : एका प्लेटला एवढे?

प्लेटला एवढे लागत नाहीत. घर्षणाचे अस्तर लावलेली ती चकती, तिला इंजिनासोबत फिरणाऱ्या जड चाकावर, म्हणजे फ्लायव्हीलवर, दाबून धरणारी प्रेशर प्लेट आणि पेडल दाबल्यावर ती सोडवणारे रिलीज बेअरिंग असा तिघांचा संच मिळतो, आणि पोर्शेला पुरवठा करणाऱ्या सॅक्स या जर्मन कंपनीचा संच पोर्शेच्या खोक्याशिवाय घेतला तर एकूण बिलातला तो लहानसा हिस्सा ठरतो. पैसे जातात ते तिथपर्यंत पोहोचण्यात. आपल्या इमारतींत भिंतीतला पाइप गळू लागला की पाइपाच्या तुकड्यापेक्षा फोडकाम आणि नव्या टाइल्स महाग पडतात, त्यातलाच हा प्रकार आहे. बॉक्स्टरचे इंजिन आसनांच्या मागे असते, त्याच्या मागे गिअरबॉक्स, आणि क्लच या दोघांच्या मध्ये. गाडी लिफ्टवर घेऊन खालची आवरणे, मागचे आडवे आधार, दोन्ही ड्राइव्हशाफ्ट, गिअरच्या केबली आणि बहुतेक वेळा एक्झॉस्टही सोडवावा लागतो. मग इंजिनाला खालून टेकू देऊन गिअरबॉक्स मागे सरकवत जॅकवर उतरवतात. जाणत्या मेस्त्रीचाही यात एक पूर्ण दिवस जातो. त्यात ही गाडी जमिनीला इतकी लगटून असते की रस्त्याकडेच्या गॅरेजच्या रॅम्पवर ती चढतच नाही; योग्य लिफ्ट असलेल्या जागेचे भाडे मुंबईत काय असते हे वेगळे सांगायला नको, आणि ते भाडे शेवटी लेबरच्या रकान्यातच उतरते.

दुसरा मोठा आकडा फ्लायव्हीलचा. या गाड्यांत ड्युअल मास फ्लायव्हील असते, म्हणजे एकावर एक बसवलेली दोन वजने आणि त्यांच्यामध्ये इंजिनाचे हिसके पिणाऱ्या स्प्रिंगा. साधे एकसंध फ्लायव्हील लेथवर घासून पुन्हा वापरता येते. हे सहसा तसे वापरत नाहीत, आणि एकट्याचीच किंमत क्लचच्या संचापेक्षा जास्त असते. त्यामुळे एस्टिमेट हातात आले की ‘फ्लायव्हील राहू दे’ असे म्हणण्याचा मोह प्रत्येकाला होतो. ते हाताने फिरवून, त्यातली ढिलाई मोजून ठीक निघाले तर जरूर राहू द्यावे, मात्र न मोजता राहू देणे म्हणजे वर्ष-दोन वर्षांनी तेच लेबर दुसऱ्यांदा देण्याची तयारी ठेवणे होय. त्याऐवजी हलके एकसंध फ्लायव्हील बसवण्याचा सल्लाही मिळतो. सिग्नलला न्यूट्रलमध्ये गिअरबॉक्स खडखडू लागला की तो सल्ला देणारा मात्र गाडीत नसतो.

गिअरबॉक्स उतरलेला असताना आणखी काय करून घ्यावे, यावर मी सर्वांत जास्त वेळ बोलतो, आणि ऐकणारे नेमके इथेच कंटाळतात. इंजिनाच्या मुख्य फिरत्या दांड्याचे, म्हणजे क्रँकशाफ्टचे, मागच्या तोंडाचे ऑइल सील याच वेळी हाताशी येते. या जातीच्या इंजिनांत ते पाझरण्याची ख्याती आहे, आणि तेल नव्या प्लेटवर आले तर प्लेट वाया गेली. सीलची किंमत नगण्य असते, म्हणून त्यावर विचारच करू नये. खरा प्रश्न इंटरमीडिएट शाफ्टच्या बेअरिंगचा. पोर्शेने १९९० च्या दशकाच्या उत्तरार्धात बॉक्स्टर आणि ९११ मध्ये आणलेल्या, पाण्याने थंड होणाऱ्या सहा सिलिंडरच्या इंजिनांत क्रँकशाफ्टची गती व्हॉल्व्ह उघडणाऱ्या कॅमशाफ्टकडे पोहोचवणारा हा शाफ्ट असतो. त्याचे मागचे बेअरिंग तुटले तर व्हॉल्व्ह उघडण्या-मिटण्याच्या वेळेचे गणित चुकून सबंध इंजिन निकामी होऊ शकते. तसे क्वचितच होते, पण झाले तर क्लचचे बिल विसरायला होते. जुन्या इंजिनांत क्लच आणि फ्लायव्हील काढल्यावर हे बेअरिंग बाहेरून बदलता येते, तर साधारण २००६ ते २००८ या काळातल्या इंजिनांतले बेअरिंग मोठे असल्याने इंजिनाचे दोन भाग अलग केल्याशिवाय ते निघत नाही. २००९ च्या मॉडेलपासून आलेल्या इंजिनात हा शाफ्टच नाही. त्यामुळे एकसारख्या दिसणाऱ्या तीन गाड्यांच्या क्लचची तीन वेगळी एस्टिमेट येऊ शकतात, आणि तिन्ही प्रामाणिक असू शकतात.

कराबाबत एक बरी गोष्ट : अशा सुट्या भागांवर पूर्वी २८ टक्के जीएसटी होता, तो २२ सप्टेंबर २०२५ पासून १८ टक्क्यांवर आला. विम्याबाबत बरी गोष्ट नाही. झीज विम्यात बसत नाही.

आता ‘किती’च्या जोडीने विचारायला हवे ते ‘कधी’. क्लच किलोमीटरने झिजत नाही, तो सुटण्या-धरण्याच्या मधल्या घसरणीने झिजतो. पेडर रोडच्या किंवा माउंट मेरीच्या चढावर ब्रेक न दाबता हाफ क्लचवर गाडी धरून ठेवणारा चालक आणि हँडब्रेक लावणारा चालक यांच्या प्लेटच्या आयुष्यात कित्येक हजार किलोमीटरचे अंतर पडते. संध्याकाळचा वेस्टर्न एक्स्प्रेस हायवे प्लेट खातो, २१.८ किलोमीटरचा अटल सेतू एका गिअरमध्ये पार केला तर तिला काहीच होत नाही. उलट पावसाळाभर गाडी झाकून ठेवणाऱ्यांनी निर्धास्त राहू नये, कारण आपल्या दमट हवेत फ्लायव्हीलवर गंज धरून प्लेट त्याला चिकटल्याची उदाहरणे मी पाहिली आहेत.

स्टिअरिंगमागचे पॅडल ओढून गिअर बदलणाऱ्या, पण आत एकच कोरडा क्लच असलेल्या गाड्या, उदाहरणार्थ एफ-वन गिअरबॉक्सची फेरारी एफ४३० किंवा ई-गिअरची लॅम्बोर्गिनी गॅयार्डो, या शहराला मानवत नाहीत. तिथे हाफ क्लच संगणकच करतो, आणि पार्किंगमध्ये रिव्हर्स घेताना तर फारच. नवा क्लच बसवल्यावर तो कुठे धरतो हे निदानयंत्र जोडून संगणकाला शिकवावे लागते, म्हणजे कोणत्याही गॅरेजचे हे काम उरत नाही आणि खर्च माझ्या आकड्याच्या दुप्पट-तिप्पट धरावा लागतो. पोर्शेच्या पीडीके या स्वयंचलित गिअरबॉक्समधल्यासारखे तेलात बुडालेले दोन क्लच मात्र पुष्कळ टिकतात. त्यांचे तेल वेळेवर बदलले की बहुतेक मालकांवर क्लचच्या बिलाची वेळच येत नाही.

क्लच गेला असे ठरवण्याआधी पेडलचा दाब तेलावाटे क्लचपर्यंत नेणारे हायड्रॉलिक पाहावे. पेडल मऊ लागत असेल किंवा गिअर अडत असेल तर दोष त्यातल्या सिलिंडरचा किंवा वर्षानुवर्षे न बदललेल्या, ओलावा शोषलेल्या ब्रेक ऑइलचा असू शकतो, आणि ते काम काही हजारांत होते. खरी परीक्षा मोकळ्या रस्त्यावर वरच्या गिअरमध्ये, कमी वेगाला पूर्ण ॲक्सिलरेटर दाबून करावी. इंजिनाचे फेरे झपाट्याने वाढले आणि गाडी त्या मानाने पुढे गेली नाही, तर प्लेट संपत आली आहे.

विकत घेणाऱ्याने ही परीक्षा सौदा ठरण्याआधी करावी आणि भाग, लेबर व कर वेगवेगळे दाखवणारे एस्टिमेट मालकासमोर ठेवावे. मालक म्हणाला की क्लच नुकताच बदलला आहे, तर त्या कामाचे बिल मागावे. बिलात फ्लायव्हील बदलल्याची किंवा निदान मोजल्याची नोंद नसेल, तर काम अर्धे झाले आहे असे धरून भाव करावा.